मनं विचारायचा शनिवार

९ नोव्हेंबर, गुरुवार

ही डायरी आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी, रीताबाईंनी दिली. बँकेची आहे, त्यांना दोन मिळाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं होतं की डोळा लागत नाही, एकच गोष्ट डोक्यात फिरत राहते. रीताबाई म्हणाल्या, "गुलाबभाऊ, जे फिरतंय ते लिहून काढा. कागदावर जाऊन बसेल." त्या नगरकडच्या आहेत, जूनमध्ये बदलून आल्या. त्यांचं बोलणं पुस्तकासारखं वाटतं. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका होतील.

आज फिरतं आहे ते फाटक.

आमचं चर्च तलावाच्या पाळीला लागून आहे. तलावात उतरायला एकच चांगला घाट, आणि तो चर्चच्या आवारात. मासोळ्या धरणारे ढिवर लोक बापजाद्यांपासून चर्चच्या दारासमोरून घाटावर जातात, डोंगा सोडतात, उजाडता जाळी ओढतात आणि टोपल्या डोक्यावर घेऊन त्याच वाटेने मुलचेऱ्याच्या गाडीला जातात. पावसाळा सरल्यावर आवाराला भिंत झाली. आज पाळीच्या बाजूने लोखंडी फाटक बसलं; उपासनेची माणसं रस्त्याकडच्या दाराने थेट चर्चमध्ये येतात. आमचे सेक्रेटरी हरिदाससाहेब, त्यांनी कुलूप लावून चावी माझ्या हातात दिली.

"गुलाब, आता टोपली घेऊन इथून कोणी गेला नाई पाहिजे. संगमरवर बसवला आपण. मासोळीचं पानी पडलं का डाग जात नाई."

मी विचारलं, "मंग ते कुठून जातीन साहेब?"

"तिकडून. तलावाले वळसा घालून. पाय हायेत ना त्याईले."

तिकडून म्हणजे झुडपी जंगलातून. तिथे वनखात्याने वाघाची पाटी लावली आहे. साहेब स्वतः वनखात्यातून रिटायर झालेले, त्यांना माहीत असेलच. मी काय सांगणार.

साहेब वाईट नाहीत हे लिहून ठेवतो. त्यांची बाई वारल्यापासून चर्च हेच त्यांचं घर झालं. दुरुस्तीला पदरचे घातले, उन्हात उभे राहून प्लास्टर करवून घेतलं. आरागिरणी बंद पडली तेव्हा मला चौकीदार म्हणून त्यांनीच घेतलं, मागची खोली दिली. डिसेंबरच्या तीन तारखेला बिशपसाहेब दुरुस्त झालेल्या चर्चच्या समर्पणाला येणार आहेत. तोपर्यंत देवाच्या घराला मासोळीचा वास येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

खोली गेली तर मी कुठे जाणार? पोरगी रोशनी नागपूरला सासू-सासऱ्यांसोबत एका खोलीत राहते.

१३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी लटारू फाटकाशी येऊन उभा राहिला. लटारू माझ्याच वयाचा ढिवर. संध्याकाळी पाळीवर बसून आम्ही एका पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो, किती वर्षं झाली माहीत नाही. त्याचा पोरगा डोमा हैदराबादकडे बांधकामावर गेला आहे. डोंगा लटारू चालवतो आणि जाळं सून ओढते. सुनेचं नाव गोकुळा.

लटारू गजांना धरून म्हणाला, "का जी चौकीदार, तुमच्या देवाले मासोळ्या चालत नाई का आता? तूच सांगत होता का त्याचे सोबती पुरे ढिवरच होते म्हणून."

मी म्हणालो, "ते तिकडचे होते."

"हौ. तिकडच्या ढिवराले बाजूले बसवते आन इकडच्याले वाघापुढे पाठवते. चांगला हाय तुमचा देव."

तो हसत होता. गोकुळा हसत नव्हती. ती टोपली कमरेवर घेऊन उभी होती. "भाऊ, चावी तुमच्याजवळच हाय ना?" तिने विचारलं.

मी म्हणालो, चावी कमिटीची आहे.

"मी कमिटीचं नाई विचारून राह्यली. तुमच्याजवळ हाय का?"

मी हो म्हणालो.  दोघं पाळीवरून जंगलाकडे वळली. संध्याकाळी लटारू खर्रा खायला आला नाही. त्याला दमायला झालं असेल, वळसा मोठा आहे.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

कमिटी बसली. मी चहा दिला म्हणून सगळं ऐकलं.

रीताबाईंनी फाटकाचा विषय काढला. हरिदाससाहेब म्हणाले, "समर्पण होऊ द्या मॅडम, मंग पाहू."

रीताबाई म्हणाल्या, "मग वाघालाही सांगायचं का, समर्पणापर्यंत थांब म्हणून?"

कोणी हसलं नाही.  साहेब शांतपणे म्हणाले, "मी तीस वर्षं जंगलात काढले. वाघ असा कोणाच्या वाटेवर बसत नाई. आन मॅडम, देवाच्या घरी जाताना मानूस पाय धुऊन जाते का नाई? मंग देवाचं अंगण साफ ठेवलं त कोनाचं बिघडलं?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नंतर वाटलं, मी तर कमिटीत नाही, मान कशाला हलवली.

मीटिंग उठल्यावर रीताबाईंनी मला मनं विचारण्याबद्दल विचारलं. नगरकडे ही रीत नाही म्हणतात. मी सांगितलं ते इथे लिहितो, म्हणजे मीही विसरणार नाही.

महिन्यातून एकदा वेदीवरची भाकर मोडून सगळ्यांना देतात, ते प्रभुभोजन. त्याच्या आदल्या शनिवारी एकाने घरोघरी जायचं आणि दारात उभं राहून विचारायचं, "मन साफ हाय का?" कोण्या जुन्या मिशनरी साहेबाने ही रीत पाडली. शास्त्रात सांगितलं आहे की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर दान वेदीपुढेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. त्यावरून ती आली. पहिले हे काम मंडळीच्या वडीलजनांचं होतं. त्यांना वेळ होईना, म्हणून चौकीदाराच्या गळ्यात पडलं. कोणी "नाई" म्हटलं तर "कोनाबद्दल?" असं विचारायचं. बस. भांडण सोडवायचं नाही, समजूत घालायची नाही. रविवारी पाळक वेदीपासून विचारतात, "मनं विचारली का?" मी म्हणतो, "विचारली, साफ हायेत." मग भाकरीवरचं फडकं निघतं. नाही म्हटलं तर निघत नाही. आणि ज्याला विचारलं त्याचं ऐकलंच पाहिजे, हा पक्का नियम.

"कधी कोणी नाही म्हणतं का?" रीताबाईंनी विचारलं.

माझ्या काळात कोणी नाही. माझ्या आधी एकदा दोन भावांचं बैलावरून झालं होतं, तेव्हा भाकर दुपारपर्यंत झाकून राहिली. आता लोक मला दुरून पाहूनच ओरडतात, "साफ हाय गुलाबभाऊ, जा पुढे."

रीताबाई कप गोळा करू लागल्या. त्यांना ही रीत जुनाट वाटली असावी.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

उजाडायच्या आधी फाटक वाजलं. गोकुळा होती. "भाऊ, रातच्याले पावलं पडले तिकडच्या वाटेवर. ताजे हायेत. आजच्या दिवस खोला." मी खाटेवर जागाच होतो. चावी खिळ्याला होती. ती दोनदा म्हणाली, "आजच्या दिवस." तेवढ्यात मला खोकला आला, तो मी पांघरुणात दाबला. उत्तर दिलं नाही. झोपलो आहे असं तिला वाटलं असेल.

मग पावलं पाळीवरून गेली.

सूर्य वर आला तेव्हा मोहल्ल्यात आरडाओरडा झाला. वाटेवर वाघ बसलेला होता. गोकुळा जाळं टाकून झाडावर चढली. लटारू मागे पळाला आणि नाल्यात पडला. मांडीचं हाड मोडलं. वाघ थोडा वेळ पाहून निघून गेला. लटारूला गाडीत घालून गडचिरोलीला नेलं.

दुपारी हरिदाससाहेब आले. ते म्हणाले, "वाघानं त हातही नाई लावला. घाबरून पडला बिचारा. उमर झाली." ते खरंच आहे. वाघाने काही केलं नाही. पडला म्हणून लागलं.

मी काय करायला पाहिजे होतं? साहेबांनी बजावून सांगितलं होतं.

२५ नोव्हेंबर, शनिवार

लटारूला पाहायला गेलो नाही. बस सकाळी लवकर निघते आणि माझे गुडघे सकाळी चालत नाहीत. उद्या उपासना, झाडझूड करायची आहे. पुढच्या आठवड्यात जाईन.

चावी माझ्याकडून गेली.

झालं असं की गुरुवारी संध्याकाळी फाटक लोटलं आणि कुलूप कडीत नुसतं अडकवलं. दाबायचं राहून गेलं. काल सकाळी संगमरवरावर पाण्याची ओळ आणि पायरीवर खवले. मी फडकं घेऊन पुसायला बसलो तोच साहेब फिरायला आले. खवला बोटावर घेऊन पाहिला.

"कुलूप उघडं होतं?"

"राह्यलं असन साहेब. लक्षात नाई राह्यत आजकाल."

ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "थकला तू गुलाब. तुह्या खोलीचे टिन गळतात, समर्पण झालं का बदलून देतो. चावी राहू दे माह्याजवळ." रोज दिवस बुडताना ते स्वतः येऊन कुलूप पाहून जातील. घाटाकडे मला काही लागलं तर त्यांच्या घरी जाऊन मागायचं.

खरं म्हणजे मला बरं वाटलं. चावी नाही तर जबाबदारी नाही. पण डोकं काही थांबत नाही. मी इतक्या वर्षांत चर्चचं एकही कुलूप दाबायला कधी विसरलो नाही, तेव्हाच कसा विसरलो? म्हातारपण असंच सुरू होतं म्हणतात.

२९ नोव्हेंबर, बुधवार

रंगाचा शेवटचा हात झाला. मंडप पडला. पेटीवाला अहेरीहून येणार. लटारूला काल घरी आणलं, पायाला प्लास्टर आहे असं ऐकलं. घर इथून दिसतं. गेलो नाही. जाऊन काय बोलणार? हात रिकामे नेता येत नाहीत आणि संत्री कुठे मिळतात इथे.

आज सकाळी पाळीवरून बायका जंगलाकडे जात होत्या. टिनाचे डबे वाजवत जात होत्या, वाघाला ऐकू यावं म्हणून. आतमध्ये आमची गाण्याची तालीम सुरू होती. डबे ऐकू येऊ नयेत म्हणून कोणीतरी खिडक्या लावून घेतल्या. नंतर पाहिलं, मीच लावल्या होत्या.

२ डिसेंबर, शनिवार

फार मोठी चूक झाली.

मनं विचारायला निघालो. पहिलं घर हरिदाससाहेबांचं. ते दारात दाढी करत होते. "साफ हाय, साफ हाय. मले काय विचारतं, उद्याची तयारी पाह्य." मग बाकी घरं. सगळ्यांची घाई. कोणी मंडपाच्या खुर्च्या मोजत होतं, कोणी कोथिंबीर निवडत होतं. "साफ हाय गुलाबभाऊ." "तुमाले का दिसून राह्यलं, मळकं?" एका बाईने सांगितलं, सासूबद्दल जरा आहे, पण उद्या बिशप येते म्हणून राहू द्या, पुढच्या महिन्यात सांगीन. मी तिला साफमध्ये धरलं.

परतीची वाट ढिवर मोहल्ल्यातून आहे. दर वेळी मी शेवटी लटारूकडे पाणी पितो. आज टाळणार होतो. ऊन लागलं, जीभ सुकली आणि पाय सवयीने तिथेच वळले. लटारू आत खाटेवर होता. गोकुळा दारात जाळ्याला गाठी मारत होती. तिने वर पाहिलं. मी पाणी मागणार होतो. सकाळपासून एकच वाक्य तोंडात होतं, तेच निघालं.

"मन साफ हाय का?"

तिच्या हातातलं सूत थांबलं. ही रीत अख्ख्या गावाला माहीत आहे.

"नाई," ती म्हणाली.

मी म्हणालो, बाई, चुकून विचारलं, तुम्ही आमच्यातले नाही.

"मंग काऊन विचारलं?"

नियमाप्रमाणे दुसरा प्रश्न विचारावा लागतो. मला वाटलं ती साहेबांचं नाव घेईल. ते सांगायला कठीण, पण ओझं साहेबांचं. मी विचारलं, "कोनाबद्दल?"

"तुमच्याबद्दल, गुलाबभाऊ."

आतून लटारू म्हणाला, "जाऊ दे ना बाई. म्हातारा हाय."

"बुढाच हाय म्हणून त इतले दिस चूप राह्यली," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, हळूच, "तुमी आतमंदी होते. मले खोकला आयकू आला."

पाणी न पिता आलो.

संध्याकाळी रीताबाईंकडे गेलो. म्हणालो, एक घर नाई म्हणालं आणि ते ढिवराचं घर आहे, माझी चूक झाली, ते धरू नका. त्यांनी विचारलं, "तुम्ही विचारलंत का?" विचारलं. "मग तुमचाच नियम आहे ना, ज्याला विचारलं त्याचं ऐकायचं?" आहे. "कोणाबद्दल म्हणाली ती?"

माझ्या तोंडून नाव निघेना. मी म्हणालो, उद्या विचारलं तर सांगीन. त्यांना वाटलं साहेबांबद्दल. त्यांच्या चेहऱ्यावरून तसंच दिसलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

"उद्या मी वेदीपासून विचारणार आहे, गुलाबभाऊ. जे असेल ते सांगा."

मी हात जोडले की विचारू नका, बिशपसाहेबांपुढे नको. त्या म्हणाल्या, "मग भाकर कोणत्या तोंडाने मोडू?"

उद्या साफ म्हटलं तर खोटं. नाई म्हटलं तर खोली जाईल. प्रार्थना करायला बसलो तर तिथेही गोकुळाच दिसते, सूत हातात धरून.

३ डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

चर्च भरलं होतं. चंद्रपूरपासून माणसं आली. बिशपसाहेबांनी फीत कापली, पाटीवरचा पडदा ओढला. हरिदाससाहेब काळ्या सुटात होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटीवर त्यांच्या बाईचं नाव आहे. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. गाणी झाली. मग शांतीचा सलाम झाला. सगळे एकमेकांचे हात धरून सलाम, सलाम म्हणत फिरले. माझ्या हाताला घाम होता. जो हात धरी तो नंतर रुमालाला पुशी.

मग रीताबाई वेदीशी उभ्या राहिल्या. भाकर पांढऱ्या फडक्याखाली होती.

"मनं विचारली का?"

मी दाराशी माझ्या जागेवर उभा होतो. म्हणालो, "विचारली."

पुढचं येईना. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. कोणीतरी हळूच सुचवलं, "साफ हायेत म्हणा."

मी म्हणालो, "एक नाई हाय."

मंडपातल्या भांड्यांचा आवाज आत आला. बिशपसाहेबांनी रीताबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन वाक्यांत रीत सांगितली. मग मला विचारलं, "कोणाचं घर?"

"लटारू ढिवराच्या सुनेचं."

हरिदाससाहेब उभे राहिले. "बिशपसाहेब, माफ करा. ते लोक आपल्यातले नाईत. चर्चचे सभासद नाईत. याचं डोकं थकलं आता, कुठी बी जाते, काही बी विचारते."

मी म्हणालो, "हौ साहेब, माही चूकच झाली. पर विचारलं ना. विचारलं त ऐका लागते."

बिशपसाहेबांनी विचारलं, "तिच्या मनात कोणाबद्दल आहे?"

सगळ्यांनी हरिदाससाहेबांकडे पाहिलं. रीताबाईंनीही पाहिलं. साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मी ठरवलं होतं की विचारलं तर गप्प राहायचं. पण ते उभे होते, सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि नाव तर त्यांचं नव्हतं.

"माह्याबद्दल हाय," मी म्हणालो. "वाघ होता त्या सकाळी ती फाटक खोला म्हणून आली. मी जागा होतो. मी आवाज दिला नाई. तिचा सासरा पडला."

बायकांच्या बाजूला कोणीतरी च्च च्च केलं. साहेबांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा सैल झाला. ते बिशपसाहेबांना म्हणाले, "मंग ह्या दोघाइतली गोष्ट हाय." माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "जा गुलाब, तिची माफी मागून ये. आम्ही थांबतो. काऊन जी, थांबतो ना?" लोक हो म्हणाले. बिशपसाहेबही म्हणाले, "जा. आम्ही सगळे थांबतो."

मी निघालो. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मला कळेना की तिकडे जाऊन मी सांगू काय. माफ कर, आणि फाटकाला कुलूप तसंच? ती विचारेल तर? मी मधल्या वाटेने साहेबांच्या बाकापाशी गेलो आणि हात पुढे केला.

"काय?" ते म्हणाले.

"चावी पाहिजे होती साहेब."

"माफी मागाले चावी काह्याले?"

"खाली हातानं कसा जाऊ? मी तिले काय खोललं म्हणून सांगू?"

मला खरंच त्यांना अडवायचं नव्हतं. पण माझा हात तसाच राहिला. साहेबांनी बिशपसाहेबांकडे पाहिलं, ते काही बोलले नाहीत. रीताबाईंनी फडक्याचं टोक सरळ केलं आणि हात तिथेच ठेवला. अख्खं चर्च थांबलं होतं, थांबतो असं म्हणून बसलं होतं. साहेबांनी खिशातून जुडगा काढला. फाटकाची चावी कडीतून निघेना. त्यांनी नखाने कडी फाकवली, ती निसटली, पुन्हा फाकवली.  बाजूच्याने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. शेवटी चावी निघाली. माझ्या तळव्यावर ठेवताना ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "खोली मी देली होती तुले."

मी म्हणालो, "हौ साहेब."

आधी फाटक उघडलं. कुलूप खिशात टाकलं. मग मोहल्ल्यात गेलो. लटारूची खाट अंगणात काढली होती. मला पाहून तो म्हणाला, "बिशप आला म्हणे. जेवण झालं का? मटनाचा वास इथपावत येऊन राह्यला."

"नाई झालं. सारे थांबले हायेत."

"कोनासाठी?"

मी गोकुळाकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती. पदराला हात पुसत पुढे आली. मी म्हणालो, त्या दिवशी मी जागा होतो, मला माफ कर.

"ते मले माहीत हाय," ती म्हणाली. "माफी राहू द्या. फाटक?"

"उघडं हाय."

"कुलूप?"

मी खिशातून काढून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं.

"किती दिस उघडं राहीन?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हणालो, मला माहीत नाही.

लटारू म्हणाला, "बाई, सांगून टाक काही तरी. एवढे लोक उपाशी बसवले, पाप लागन."

"मी इतले दिस वाघाच्या वाटेनं गेली, त्याचं कोनाले लागलं?" ती म्हणाली. मग मला म्हणाली, "आजचं साफ म्हणा. उद्याचं उद्या पाहू."

परत आलो तेव्हा एक बाळ रडत होतं, बाकी कोणी हललं नव्हतं. रीताबाईंनी पुन्हा विचारलं. मी साफ एवढंच म्हणून मोकळा झालो असतो. पण ज्याला विचारलं त्याचं जसंच्या तसं सांगावं लागतं.

"विचारली. आजच्यापुरती साफ हायेत. उद्याचं उद्या पाहू म्हणते."

बिशपसाहेबांनी मान हलवली. रीताबाईंनी फडकं काढलं.

लोक रांगेने पुढे गेले. हरिदाससाहेब गेले नाहीत. नव्या पाटीखाली बसून राहिले. मी नेहमीप्रमाणे शेवटी गेलो.  मला सारखं वाटत होतं की साहेबांना कोणी तरी हाक मारावी. मीच मारायला पाहिजे होती का?

जेवताना ते सगळ्यांना वाढत होते. माझ्या पत्रावळीवर भात टाकला आणि म्हणाले, "गुरुवारी कमिटी हाय." पुढे गेले.

४ डिसेंबर, सोमवार

आज गुडघे सकाळीच चालले. उजाडायच्या आधी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. रात्रीतून कोणी दुसरं कुलूप लावलं असेल अशी भीती होती. नव्हतं.

बायका आल्या. फाटकापाशी येऊन थांबल्या, आत पाहिलं. डबे हातात होते, ते त्यांनी भिंतीशी ठेवले. मग एक एक आत आल्या. गोकुळा मागे होती. चप्पल काढून हातात घेतली आणि संगमरवरावरून अनवाणी गेली. मी म्हणालो, राहू द्या बाई, चप्पल घाला. तिने ऐकलं नाही.

ऊन पडल्यावर परत आल्या. टोपल्या भरलेल्या होत्या, झिंगे आणि रोहू. घाटापासून फाटकापर्यंत पाण्याची ओळ पडली. मी गोकुळाला काही विचारलं नाही. तीही गाडी चुकेल म्हणून घाईत होती. त्या गेल्यावर बादली आणली, फरशी धुतली. डाग राहिला नाही. साहेबांना दाखवायला पाहिजे, लगेच धुतलं तर राहत नाही. पण ते आज फिरायला आले नाहीत.

दुपारी खोलीतलं सामान पाहिलं. फार नाही. एक पेटी, गादी, भांडी. गुरुवारी काय म्हणतील सांगता येत नाही. रीताबाई म्हणाल्या, मी आहे. त्या आहेत, पण त्यांची बदली होते, आमची होत नाही.

संध्याकाळी लटारूकडे गेलो, खर्ऱ्याची पुडी नेली. त्याने अर्धी घेतली.

चावी माझ्याजवळच आहे. कोणी मागितली नाही. मीही कोणाला आठवण करून दिली नाही. माझ्या लक्षातच राहत नाही आजकाल.